भाईदासची झोपगाडी

चुडामण मिस्त्रीला आपल्या धाकट्या भावाचा तिटकारा होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. भाईदास दारात आला की चुडामण आधी त्याच्या चकचकीत बुटांकडे बघायचा, मग तोंडाकडे, आणि मग हातातला रंधा पुन्हा चालू करायचा.

चुडामणने भुसावळच्या रेल्वे कारखान्यात तीस वर्षं डब्यांची लाकडी कामं केली होती. पेन्शन घेऊन तो जळगावला आला आणि घरामागच्या पडवीत सुतारकाम करू लागला. भाईदास लोखंडी नांगरांचा एजंट. एक जुनी फोर्ड मोटार घेऊन तो साक्रीकडचे बाजार करायचा. नांगरावर तासभर भाषण द्यायचा, पण मूठ धरायची वेळ आली की कुणातरी शेतकऱ्याला पुढे करायचा. एजंट झाल्यापासून घरची अहिराणी बोलणं त्याने सोडलं होतं. कचेरीतल्या कारकुनासारखं छापील बोलायचा.

सन अडतीसच्या थंडीत तो एका विलायती मासिकाचं फाटकं पान घेऊन आला. पानावर चित्र होतं. मोटारीमागे जोडलेली एक बुटकी, गोल पाठीची गाडी आणि तिच्यापाशी चहा पीत बसलेले साहेब-मडम.

"भाऊ, हिच्यात दोन माणसं झोपतात. मागचं झाकण उचललं की स्टोची जागा. आकार थेंबासारखा आहे, वारा कापत जाते."

चुडामणने चित्र हातभर लांब धरलं. "थेंब? माले तं भरीतनं वांगं दिसस."

"मला बाजारामागून बाजार करावे लागतात. डाकबंगल्याच्या ओसरीतसुद्धा टेकू देत नाहीत. एजंट माणसाला काही इभ्रत असते की नाही?"

"इभ्रत जपनी व्हयी तं घर झोप."

"राहू द्या मग," भाईदास पान घडी करत म्हणाला. "धुळ्यात एकजण पत्र्याची करून देतो म्हणालाय. सांगाडा आंब्याच्या फळ्यांचा."

इथे चुडामणचा रंधा थांबला. आंब्याची फळी! दोन पावसाळ्यांत भुसा. आणि वर पत्रा, म्हणजे चैत्र-वैशाखात आत झोपणाऱ्याचं खरोखरच भरीत. भाईदासचं भरीत झालं असतं तर त्याला फारसं वाईट वाटलं नसतं. पण चुडामण मिस्त्रीचा भाऊ असलं खोकं ओढत खानदेशभर फिरणार आणि लोक विचारणार, हे कुणी केलं?

"ठेव ते चित्र," तो म्हणाला.

पुढचे दोन महिने पडवीत दुसरं काम झालं नाही. सागवान निवडून आणलं. पाठीची गोलाई धरण्यासाठी पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून साच्यावर वाकवायच्या होत्या. बायको भिकुबाई चुलीवर पाण्याचे हंडे चढवून कंटाळली. छतावर त्याने रेल्वेच्या डब्यासारखं कॅनव्हास ताणलं आणि त्यावर सफेद्याचे तीन हात दिले.

दर रविवारी भाईदास यायचा, हात मागे बांधून गाडीभोवती फिरायचा आणि सूचना करायचा. इथे आरसा हवा. तिथे पडदा हवा. एकदा त्याने विचारलं, "दाराला जरा नक्षी?"

"तुले नक्षी पाहिजे तं मखर करी देसू. त्याना मझार बस आनि आरती करी ले."

भाईदासने हातोडी एकदाही उचलली नाही. चुडामणने ते मनात पक्कं नोंदवलं. पण गाडीचं दार बसलं त्या दिवशी पहिल्या वर्गाच्या डब्यासारखा मऊ, भरीव आवाज आला, आणि आसपास कुणी नाही असं बघून चुडामणने ते सात-आठदा उघडझाप करून ऐकलं.

माघात भाईदास गाडी घेऊन गेला. धुळ्याला पोचताच त्याने तिच्यावर लाल अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून घेतलं, हे चुडामणला नंतर कळलं. सांगणारा हिलाल होता, धुळे-साक्री रस्त्यावर लॉरी चालवणारा. लॉरीचा मागचा फाळका दुरुस्त करायला तो फाल्गुनात आला आणि चाचरत म्हणाला, "मिस्त्री, तुमची ती गोल गाडी... तिच्यात कुत्री झोपतात."

"कोनी कुत्री?"

"शिकारीला एक बडा साहेब आलाय. त्याचा तंबू साक्रीच्या पुढे आहे. त्याची."

चुडामणने पागोटं बांधलं आणि हिलालच्याच लॉरीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबाच्या तळावर पोचला. मोहाच्या झाडाखाली त्याची गाडी उभी होती. दार सताड उघडं. आत दोन तांबडी, लांब कानांची कुत्री पाय पसरून पडली होती, आणि दाराच्या सागवानी काठावर दातांच्या खुणा होत्या. पलीकडे, तंबूपासून वीस पावलांवर, भाईदास बूट काढून मातीत उकिडवा बसला होता. शिपायाने हाक मारायची तो वाट बघत होता. तीन दिवसांपासून.

"साहेबांनी मागून घेतली, भाऊ," तो गडबडीने उठला. "त्यांच्या शिफारशीने सरकारकडून रावसाहेबकीचा किताब मिळतो लोकांना. नाही कसं म्हणणार?"

तेवढ्यात साहेबच बाहेर आला. चुडामणने गाडीवर हात ठेवून सांगितलं की ही आपण केली, आणि माणसासाठी केली. साहेबाने भुवया उंचावल्या.

"ये एजंट बोला, हुजूर के कुत्तों के वास्ते खास बनवाया," तो म्हणाला. "हमने तो मांगा नहीं. तुम्हारा है तो ले जाओ."

चुडामणने भावाकडे पाहिलं. भाईदास जमिनीकडे बघत होता. चुडामणच्या तोंडात शिव्या पुष्कळ होत्या, पण एवढ्या छोट्या माणसावर त्या खर्च कराव्यात असं त्याला वाटेना. त्याने कुत्र्यांना चुचकारून बाहेर काढलं. कुत्री शहाणी निघाली, मुकाट्याने उतरली.

आतली गादी झटकायला त्याने हात घातला, तर तिच्या मधोमध कुत्र्यांचे केस होते आणि उशी अजून दुकानातल्या कागदातच गुंडाळलेली होती.

"तू हाईमा झोपनाच नही?" त्याने विचारलं.

"एक डाव झोपनू," भाईदास म्हणाला. छापील भाषा कुठल्या कुठे गेली होती. "मझार जीव घुसमटस, भाऊ. दार लायं का छातीवर कोनी बसनं असं वाटस. मंग मी मोटारमाच झोपस."

"मंग सांगाले काय झायं व्हतं?"

"तुले कोन सांगी?"

चुडामण आणखीच चिडला. त्याने हिलालला हाक मारली, गाडी लॉरीला जोडली आणि भावाला तिथेच सोडून निघाला.

जळगावला आल्यावर त्याने आधी ती लाल अक्षरं खरवडून काढली. मग चावलेला काठ बदलला. मग आठवडाभर गाडी नुसती उभी राहिली. एका सकाळी भिकुबाई बघते तो नवऱ्याने करवत घेऊन गाडीच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली होती.

"आते काय व्हयनं?"

"खिडक्या," चुडामण म्हणाला. "त्या येडाले हवा लागस."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर थोरल्याच्याच घरी भरली जायची, म्हणून भाईदासला यावंच लागलं. बूट जुने झाले होते आणि रावसाहेबकीचं नाव तो काढत नव्हता. आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं. चुडामणने बोटाने पडवी दाखवली. भाईदास गेला, नव्या खिडक्या बघून थोडा वेळ दारातच उभा राहिला, मग आत शिरून आडवा झाला. दार त्याने उघडंच ठेवलं.

चार वाजेपर्यंत त्याचं घोरणं घरात ऐकू येत होतं.

"झोपना दख, अजागळ," चुडामण भिकुबाईला म्हणाला आणि रंधा बाजूला ठेवून अंगणात बसून राहिला.

भाईदास डोळे चोळत बाहेर आला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "भाऊ, पश्चिमेकडच्या खिडकीतून ऊन येतं."

चुडामणने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं, आणि खिडकीच्या झडपेसाठी फळी शोधायला आत गेला.