अण्णारावांचं अर्धं तोंड

बाभळवाडीत त्या सोमवारी शेताकडे कुणी फिरकलंच नाही. सगळं गाव भामाबाईच्या अंगणात लोटलं होतं. पत्र्यावर पोरं, ओट्यावर म्हातारे, दारात बायका, आणि मधोमध पाटावर छायानाथ महाराज. चार महिन्यांपूर्वी हा गृहस्थ कुठे होता आणि काय करत होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण निलंगा तालुक्यातल्या सात गावांत त्याने मेलेल्या माणसांचे फोटो थेट वरून मागवून दाखवले होते, तेही कोऱ्या कागदावर.

"कॅमेरा माणसाचं कातडं बघतो," महाराज सांगत होते. "आमचा कागद आत्मा बघतो. आत्म्याला लाइट नको, लेन्स नको. श्रद्धा पाहिजे, आणि मोबाईल बंद पाहिजेत."

मोबाईल बंद झाले. अंबिकानेही आपला कॅमेरा पिशवीत टाकला. ती आली होती वर्षश्राद्धाचे फोटो काढायला. भामाबाईचे मालक अण्णाराव जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगा व्यंकट याला सगळ्या विधीचा अल्बम हवा होता. निलंग्याच्या बसस्थानकासमोर अंबिकाचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, डोहाळजेवणं, आणि हल्ली लग्नाआधी नवरानवरीला उसाच्या फडातून हातात हात घालून पळवणं, हा तिचा रोजचा धंदा. महाराजांचं येणं तिला कुणी सांगितलं नव्हतं. फुकटचा तमाशा बघू म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

महाराजांनी झोळीतून पाकीट काढलं, पाकिटातून कागद. दोन्ही बाजूंनी लांबूनच लोकांना दाखवला आणि त्याला हळद फासली. मग काळ्या प्लास्टिकच्या कॅनमधून परातीत तीर्थ ओतलं. स्वर्गातलं तीर्थ काळ्या कॅनमधून का येतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कागद तीर्थात गेला आणि पिवळी हळद बघता बघता लाल झाली. हळदीचं कुंकू झालं, असं म्हणत बायकांनी हात जोडले. त्या लालीतून हळूहळू एक कान वर आला. मग एक डोळा, मग मिशीची एक बाजू. महाराजांनी कागद साध्या पाण्यात खळबळला, लाली उतरली, आणि तपकिरी रंगात अण्णाराव दिसू लागले. पण अर्धेच. डावी बाजू कोरीच राहिली.

भामाबाईने ओठ आवळले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. "ह्येच. ह्येच मालक," एवढंच ती म्हणाली. घरात अण्णारावांचा एकही फोटो नव्हता. व्यंकटच्या लग्नातल्या गर्दीच्या फोटोत ते होते, पण मांडवाच्या खांबामागे.

महाराजांनी अर्धा चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि आवाज खाली आणला. "म्हाताऱ्यानं घराकडून अर्धं तोंड फिरवलंय. या उंबऱ्याच्या आत परक्या घरची सावली आहे. पुढच्या सोमवारी दुपारच्या आत ती सावली गावाबाहेर गेली, तर पुरं तोंड दिसेल. नाही गेली, तर घरातल्या कर्त्या माणसाचं..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. असली माणसं वाक्यं नेहमी अर्धीच सोडतात. उरलेलं ऐकणाऱ्याची भीती पुरं करते.

परक्या घरची म्हणजे दीपमाला, व्यंकटची बायको, देगलूरकडची. आठ दिवसांपूर्वी महाराज हा कार्यक्रम ठरवायला आले तेव्हा तिने पाणी देता देता विचारलं होतं, की माझी आजी लहानपणीच गेली, तिचाबी फोटो काढून दाखवता का. महाराजांनी तेव्हा हसून टाळलं होतं. आता अंगणातले सगळे डोळे तिच्याकडे वळले आणि व्यंकटने मान खाली घातली.

अंबिकाचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या कागदाच्या कडेकडे बघत होती. कडेवर एक बारीक खाच उमटली होती, उंदराने कुरतडल्यासारखी. ती खाच जगात एकाच जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या चौकटीला होती, आणि तोही कॅमेरा या क्षणी तिच्याच पिशवीत होता. हा फोटो तिने काढला होता.

अंबिकाचा धंदा एक आणि नाद दुसरा. तीन वर्षं दर रविवारी ती स्कूटीवर गावोगाव जायची आणि ज्यांचा उभ्या जन्मात एकट्याचा फोटो निघाला नाही अशा म्हाताऱ्यांचे फोटो काढायची, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर, काळेपांढरे. एकेचाळीस माणसं झाली होती. कॅमेरा दिला होता सिद्रामप्पांनी. लातूरला गंजगोलाईच्या मागे त्यांचा स्टुडिओ होता. तो केव्हाच बंद पडला, पण मागची डार्करूम त्यांनी जपली होती. अकरा वर्षांची अंबिका वडिलांबरोबर शाळेचा फोटो काढायला गेली, तेव्हा अप्पांनी तिला आत नेऊन लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद बुडवून दाखवला होता. पाण्यातून स्वतःचं तोंड वर येताना बघून तिच्या तोंडून श्वासही निघाला नव्हता. तेव्हापासून अप्पा तिचे गुरू. तिचे रोल तेच धुवायचे, निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत तेच ठेवायचे. एकेचाळिसांतलं कुणी गेलं की अंबिका त्यांना फोन करून रडायची. अण्णाराव गेले तेव्हाही तिने रात्री फोन केला होता.

आठवडाभर तिने मनाची समजूत घातली. चोरी झाली असेल. अप्पांना आता नीट दिसत नाही, कुणी डबा उचलून नेला असेल. पण हात गप्प बसेनात. बाभळवाडीच्या फाट्यावर महाराजांचा भलामोठा फ्लेक्स होता, त्याचा तिने जाता जाता त्याच जुन्या कॅमेऱ्यावर फोटो काढला होता. तो रोल तिने या वेळी घरच्याच न्हाणीत बादल्या मांडून धुतला, फोटो छापला आणि पुसला. पुसला म्हणजे कसा, ते पुढे येईलच. रविवारी पाकीट घेऊन ती लातूरला गेली.

अप्पांनी काहीच लपवलं नाही. त्याचंच तिला जास्त लागलं. टेबलावर "बाभळवाडी" असं लिहिलेलं पाकीट उघड्यावर पडलं होतं.

"जे गेले त्यांचेच दिले बघ, अंबे. जित्या माणसाचा एकबी न्हाई," ते म्हणाले. जणू त्यांनी फार मोठी नेकी केली होती.

कामून दिले, एवढंच तिने विचारलं. अप्पांनी सांगितलं, की दहा वर्षं झाली, या दारातून फोटो धुवायला कुणी आत आलं नाही. हा माणूस आला आणि म्हणाला, अप्पा, तुमची विद्या मला द्या. पहिल्या गावात ते गर्दीत मागे बसून बघायला गेले होते.

"कागदावर तोंड वर आलं की समदं गाव गप्प झालं. तू झाली होतीस ना, तसं. लई वर्सांनी बगितलं मी ते."

अंबिकाला वाटलं, कुणीतरी आपल्या लहानपणात हात घालून एक वस्तू काढून नेली. जिच्यावर आपलं सगळं आयुष्य उभं केलं, ती घटका या माणसाने एका भामट्याला भाड्याने दिली, आणि माणसं मेल्याची बातमी आपणच रडत रडत पुरवली. त्या फोटोपायी एका बाईला घराबाहेर काढताहेत, हे तिने सांगितलं. अप्पा म्हणाले, ते महाराजाचं काम, मी फक्त कागद देतो. आणि चहा ठेवायला आत गेले.

तेवढ्यात तिने टेबलावरच्या पाकिटातला कागद काढला आणि स्वतःचा घातला. दोन्ही सारखेच कोरे. तिने चहा घेतला नाही.

सोमवारी बाभळवाडीत गर्दी दुप्पट होती. दीपमाला अंगणाबाहेर कडुनिंबाखाली पिशवी घेऊन उभी होती. बाराच्या एसटीने तिला देगलूरच्या वाटेला लावायचं, ती फाटा ओलांडून गेली की महाराज पुरं तोंड दाखवणार, असं ठरलं होतं. अंबिका सरळ पाटापुढे गेली आणि हात जोडून म्हणाली, की सूनबाई जाण्याआधीच दर्शन व्हावं, तिलाही सासऱ्यांचं तोंड बघू द्या. भामाबाईलाही ते पटलं. गावाने री ओढली. पाकीट तर अप्पांकडून सकाळीच आलं होतं, तेव्हा महाराजांनाही भ्यायचं कारण नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

"ये, अण्णाराव. सातव्या स्वर्गाच्या पायऱ्या उतरून ये. आम्ही तुझा कागद हळदीनं पवित्र केला आहे. ये, आणि पुरं तोंड दाखव."

कागद परातीत गेला. हळद लाल झाली. लालीतून जटा वर आल्या, मग रुद्राक्षाच्या माळा, मग आशीर्वादाचा हात. महाराजांचे डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे सगळ्यात शेवटी त्यांनाच कळलं. ओट्यावरचा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "ह्ये तर म्हाराजच हायेत. कवा गेले म्हणायचे?"

एक पोरगं पत्र्यावरून फिसकन हसलं आणि मग हसू अंगणभर पसरलं. महाराज उठून म्हणू लागले, कागदाला करणी केली आहे, कुणाचा तरी विटाळ झाला आहे. पण पायाखालची परात त्यांनीच लवंडली आणि तीर्थ त्यांच्याच भगव्यावर सांडलं. कपड्यावर जिथे हळदीचे हात लागले होते तिथे लाल डाग पडले. व्यंकटने त्यांचा दंड धरला आणि खाली बसवलं.

मग अंबिकाने सगळं उलगडून सांगितलं. आधी फोटो छापायचा, साधा, काळापांढरा. मग तो एका औषधात बुडवायचा. काळं उडून जातं, कागद कोरा दिसतो. जवळून बघितलं तर फिकट पिवळी छाया दिसते, म्हणून तर हळद फासायची. फोटो गेलेला नसतो, कागदातच झोपलेला असतो. दुसऱ्या औषधात घातला की तपकिरी होऊन उठतो. जुने फोटोवाले ते रोज करायचे, त्याला कुणी चमत्कार म्हणत नव्हतं. काळ्या कॅनमध्ये आहे ते दुसरं औषध, त्यात धुण्याचा सोडा.

"आणि हळदीचं कुंकू?" एका बाईने विचारलं.

"लग्नातल्या हळदीचा डाग साडीवर पडल्यावर साबण लावलाय ना कधी?" अंबिका म्हणाली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लाल होणारा तो डाग त्यांनी जन्मभर धुतला होता. आणि अर्धं तोंड? त्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासलेली. मेणाखाली पाणी शिरत नाही, फोटो उठत नाही. तिने पहिला कागद मागून घेतला आणि भामाबाईचं बोट कोऱ्या बाजूवर फिरवलं. बोट गुळगुळीत घसरलं. दीपमालाच्या आजीचा फोटो मात्र कधीच निघाला नव्हता, म्हणून स्वर्गातूनही तो येऊ शकला नाही.

भामाबाई कागद घेऊन तशीच बसून होती. "मग ह्यो फोटो आला कुठून?" तिने विचारलं.

हा प्रश्न येणार हे अंबिकाला ठाऊक होतं. फोटो माझा, असं तिने सांगितलं. लातूरच्या सिद्रामप्पांनी, माझ्या गुरूंनी, तो महाराजांना दिला, हेही नाव घेऊन सांगितलं. नाव तिने गिळलं नाही. संध्याकाळी पोलिसात तक्रार लिहिली तेव्हाही ते नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिलं.

"तू काढलास," भामाबाई म्हणाली. "हाव, आठवलं. विहिरीपाशी. मालकांना म्हणाली होतीस, आणून देते. दोन वर्सं त्यांनी वाट बगितली. फोटोवाली आली का, म्हणून मेल्या दिवशीबी इचारलं. तू आणून दिला असतास तर भितीवर टांगला असता, आन् ह्या चोराला घरात पाय ठेवायला जागा राहिली नसती."

प्रदर्शन होईल, पुण्याला भिंतीवर लागतील, मग देऊ, असं म्हणत तिने एकेचाळीस घरांना थांबवून ठेवलं होतं. अप्पांनी आपला विश्वासघात केला म्हणून ती आठवडाभर जळत होती. आता कळलं, की अण्णारावांचाही कुणी केला होता, आणि ते तिचंच काम होतं. चूक झाली माझी, असं ती भामाबाईपुढे म्हणाली. भामाबाई कागदावरचं मेण नखाने खरवडू लागली.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. व्यंकट धावत कडुनिंबाखाली गेला आणि बायकोच्या हातातली पिशवी घेऊ लागला. दीपमालाने ती सोडली नाही.

"फोटो खरा होता तवा मी अवदसा होते. आता फोटो खोटा ठरला म्हणून मी चांगली झाले. मधे मला कुणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "चार वर्सं तुमच्या घरात राबून राहिले, ते कुणाला दिसलं न्हाई. आठ दिसांनी यायचं तर या न्यायला. पण कुण्या कागदाला इचारून येऊ नका."

ती एसटीत बसून गेली. आठ दिवसांनी व्यंकट गेला, आणि भामाबाईही बरोबर गेली. अंबिकाने त्याआधीच एकेचाळीस फोटो छापून घरोघर पोचवायला सुरुवात केली होती. प्रत्येक घरी ती फोटो कसा बनतो ते सांगते, कुणी विचारो न विचारो.

तुमच्या गावातही कुणीतरी कोरा कागद घेऊन येईल. रागावू नका, पाया पडू नका. कागद हातात मागा, उजेडात धरा, आणि म्हणा की तुमच्या तीर्थात माझ्या घरचा कागद बुडवून दाखवा. आणि तो कागद घरातल्या कुणाला दोषी ठरवत असेल, तर आधी त्या माणसाशेजारी जाऊन बसा. ते तुमच्या घरात राहतं, तुमच्या ताटात जेवतं, आणि विचारलंत तर उत्तरही देतं.