फोटोतला अंगठा

...आणि तो अंगठा अजून तिथेच होता. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या टॉवेलच्या आडून जेमतेम नखापुरता डोकावणारा — नवऱ्याचा. म्हणजे तेव्हा नवरा होता तो तिचा. चष्म्याच्या दुकानातली तिची नोकरी, बारीकसारीक तिला आधी दिसायचं. लेक आठ महिन्यांची, बसते म्हणता म्हणता कलंडायची, फोटोग्राफर मेटाकुटीला आलेला, आणि टॉवेलमागे दडून लेकीला सावरणारा तो... किती हसलो होतो आम्ही!

ते जाऊ दे. लेकीचा पासपोर्ट हातात आला होता! दोघांपैकी कुणी लेकीला घेऊन परस्पर परदेशी जाऊ नये म्हणून कोर्टाने चौदा महिने कपाटात ठेवलेला पासपोर्ट. त्याच्यापायी तिने किती खेटे घातले — आणि कारकुनाने तो दिला कसा, तर भाजीची जुडी द्यावी तसा.

"इथे सही करा. वीस तारखेला दुपारी बाराच्या आत परत जमा. उशीर झाला तर साहेब आधी माझी बिनपाण्याने करतील, मग तुमची."

ती हसली, जरा जास्तच हसली. जिना उतरताना पाय जमिनीला लागेनात. दहा दिवस! विमान, ताईचं घर, ऐन उन्हाळ्यातला समुद्र... ताई काल फोनवर म्हणाली होती, "एकदा या तर खरं. परत जायचं की नाही ते मग बघू." तिने ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. पण बॅग भरताना तळाशी लेकीचा हिवाळ्यातला कोट गेला होता — कुणी घातला? मीच की.

फोन वाजला. शेजारच्या काकूंकडे ठेवलेली चार वर्षांची लेक.

"आई, मिळाला?"

"मिळाला गं, राणी!"

"मग बाबांना सांग ना! परत आल्यावर मी त्यांना विमानाची सगळी गंमत सांगणारे."

"सांगते," ती म्हणाली.

जिन्यात थांबून तिने पुन्हा फोटो उघडला. त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. आता लेक एकटीच, ताठ बसलेली, धरणारं कुणी नाही... कलंडेल असं वाटून तिने चटकन हात उचलला. छाती मघासारखीच धडधडत होती, आनंदानेच. पण त्या आनंदाची आता तिला थोडी भीती वाटत होती.

कोटाचं काय करायचं ते तिने ठरवलं नाही. उरलेल्या तीन पायऱ्या मात्र ती कठडा धरून उतरली.