पानावरचा दगड

"एकेचाळीस जिवंत माणसं तुम्ही एका रेघेत मारलीत," पेंगआजी म्हणाली आणि पिशवीत हात घालून तिनं आधी एक वाळकं पान काढलं. ते साहेबाच्या टेबलावर नीट पसरलं, टोक खिडकीबाहेरच्या डोंगराकडे केलं आणि त्यावर मुठीएवढा चपटा दगड ठेवला.

साहेबानं चहाचा पेला जरा मागे ओढला.

"कोण मेलं आजी?"

"आमचं अख्खं गाव. तुमच्या शिरगणतीच्या कागदावर लिहिलंय, माणसं आढळली नाहीत. माणसं नाहीत म्हणून पावसाळा सरला की शाळेचे मास्तर खालच्या गावात न्यायचे, हेही तुम्हीच लिहिलंय. आणि ते वाचून कुणी दाखवलं? मास्तरांनीच. आमच्यात वाचता येणारं तेवढं एकच माणूस, त्याच्याच हातात ही चिठ्ठी दिलीत."

डोंगरातल्या वाटेनं दोन तास पायी आणि पुढे कोबीच्या पोत्यांवर बसून टेम्पोनं ती इथवर आली होती. खरं म्हणजे गावच्या प्रमुखानं यायला हवं होतं. पण तो तिचा धाकटा दीर, आणि साहेबासमोर उभं राहिलं की त्याला खोकला येई. सकाळी तो घरातच खोकायला लागला, तेव्हा आजीनं पिशवी उचलली. तिची भाषा ख्मू. कचेरीची भाषा लाओ, तीही तिला बाजारापुरतीच यायची. मिरची विकायला शिकलेली भाषा. भांडायलाही तीच पुरते, हे तिला आज कळत होतं.

साहेबानं हाक मारली. आतल्या खोलीतून तिशीचा एक कारकून वही घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. थोंगसाय त्याचं नाव. वर गेला होता तो हाच.

"पेरणीच्या आधीचा मंगळवार," साहेबानं वहीत बोट ठेवलं. "हे बघा. आमचा माणूस वेशीपर्यंत आला. गाव चिडीचूप. कुणी हाक दिली नाही, कुणी दिसलं नाही. मग काय लिहायचं, कोंबड्या मोजायच्या?"

"हाक कशी देणार? गाव बंद होतं. भाताच्या आत्म्याची पूजा झाली की दोन दिवस गाव बंद. वेशीवर बांबूच्या कामट्यांचा विणलेला तारा टांगलेला, त्यात हिरवी फांदी खोचलेली. आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही, कुणी मोठ्यानं बोलत नाही."

"म्हणजे आता सरकारनं ताऱ्याला विचारून यायचं?" साहेब कारकुनाकडे बघून हसला. "डोंगरावरच्यांचं असंच रे. घरात माणसं किती विचारलं की मेलेला आजासुद्धा सांगतात."

कारकून हसला. जरा उशिरा हसला.

"ताऱ्याला नका विचारू," आजी म्हणाली. "ह्या दगडाला विचारा. गाव उघडलं त्या दिवशी हा वेशीबाहेर सापडला, असाच पानावर. आमच्या डोंगरातला माणूस बंद गावापाशी आला तर माघारी फिरतो, आणि जाताना पानावर दगड ठेवतो. आलो होतो, मान राखून गेलो, असा त्याचा अर्थ. तुमच्या खालच्या लोकांना तारा दिसतच नाही. मागं एकदा लस टोचणाऱ्या बाई थेट आत आल्या, मग दोन दिवस आत अडकल्या आणि दंडाची कोंबडी देऊन गेल्या. कापडवाला तर फटफटी घेऊन आला. म्हणजे त्या दिवशी आमच्यातलंच कुणीतरी वेशीवर आलं होतं. त्याला शोधा. तो सांगेल गाव जिवंत होतं का मेलेलं."

"दगडाचा मालक शोधू?"

"माणसं शोधता येत नाहीत तुम्हाला, तर दगडाचा मालक शोधा."

साहेबानं पट्टीनं तो दगड पानासकट बाजूला सारला. टेबलावर जागा हवी होती त्याला. पान फिरलं, टोक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे झालं.

आजी पुढचं बोलणार होती. चांगलं मोठं वाक्य वाटेत जुळवून आणलं होतं तिनं. तेवढ्यात इस्त्रीच्या बाहीतून एक हात पुढे आला, दोन बोटांनी पान अलगद फिरवलं, टोक पुन्हा डोंगराकडे केलं आणि वहीखाली गेला.

साहेब चहा पीत होता. त्यानं पाहिलं नाही.

टोक डोंगराकडेच हवं, हे आजीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं ते वाक्य गिळलं. दगड उचलून पिशवीत टाकला आणि पान पदरात गुंडाळलं.

"मग पुन्हा पाठवता ना माणूस?" तिनं एवढंच विचारलं.

"पाठवतो. थोंगसाय, आजच जा हिच्याबरोबर. पण ऐक, जुनी नोंद खोडायची तर कारण लागतं. पहिल्यांदा माणसं नाहीत असं का लिहिलं, ते शेवटच्या रकान्यात लिही, खाली सही कर. तो रकाना कोरा राहिला तर नवी यादी मी वर पाठवणार नाही. मास्तर मग खाली."

"जी," थोंगसाय म्हणाला.

टेम्पोतून उतरल्यावर तो पुढे आणि आजी मागे अशी सुरुवात झाली. पहिल्याच चढाला ती पुढे गेली. ती ख्मूत बोलत होती, मुद्दाम.

"दम लागला का?"

"नाही आजी," तो लाओत म्हणाला.

"ओढ्यापाशी उजवीकडून ये. डावीकडचा दगड हलतो."

तो उजवीकडून आला. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण ओढ्याच्या पलीकडे गेल्यावर ती मोठ्यानं हसली. काय झालं म्हणून त्यानं विचारलं नाही. पुढची अख्खी वाट तशीच गेली. ती ख्मूत विचारी, तो लाओत उत्तर देई.

गावात पोचल्यावर दीर ओट्यावर बसला होता. खोकला गेला होता. कचेरीतला माणूस दिसताच परत आला.

मोजणी आजीच्या घरापासून सुरू झाली. थोंगसायनं कागद मांडीवर घेतला. मास्तर सोमफेत शेजारी बसले. दूर दक्षिणेच्या सपाटीतला माणूस, सहा वर्षांत तीन भाषा शिकला, तिन्ही वाईट.

"घराची जमात?" थोंगसायनं विचारलं.

"कुणाची?"

"घराची. एका घराला एक लिहायची."

"घराला जमात असते होय?" आजीची सून मीजू चुलीवरून म्हणाली. ती आखा. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, पण डोक्यावरची चांदीची टोपी तिनं उतरवली नव्हती, स्वयंपाक करतानाही. "घर बांबूचं आहे. बांबू लिहा."

"मीजू, गप. साहेब लिहितायत."

"मी साहेब नाही आजी," थोंगसाय म्हणाला.

"मी आखा," मीजूनं पळी दाखवून सांगायला घेतलं, "नवरा ख्मू, नणदेचा नवरा, आमचा घरजावई, ताय-लू. तो माझ्याशी आखात भांडतो, कारण त्याच्या भाषेतल्या शिव्या मला कळत नाहीत आणि मग त्याला मजा येत नाही. आमची पोरं आजीशी ख्मू बोलतात, माझ्याशी आखा, आणि भूक लागली की लू. केळी आत्याच्या नवऱ्याकडे असतात ना. शाळेत मास्तरांबरोबर लाओ. आता एक लिहा बघू."

"शाळेतली लाओ माझ्यापेक्षा बरी बोलतात," मास्तर म्हणाले. "मी हल्ली आईशी फोनवर बोलतो तर ती विचारते, तुला बरं नाही का."

थोंगसायला हसू आवरेना. कचेरीतल्यासारखं नाही, वेळेवर हसला. मग त्यानं घराच्या नावासमोर एक लिहायच्या जागी बारीक अक्षरात तीन लिहिली. चौकटीत मावेनात, म्हणून शेवटचं कडेला आडवं लिहिलं.

"चालेल का?" मास्तरांनी विचारलं.

"चालेल की नाही ते साहेब बघतील. खरं तर हेच आहे."

ऊन कलायच्या आत आठही घरं झाली. एकेचाळीस नव्हे, बेचाळीस निघाली. परवाच शेजारच्या केओकडे मुलगी झाली होती आणि आजी तिला मोजायला विसरली होती. हे गावभर झालं. साहेबाला सुनावून आलेली म्हातारी स्वतःच माणूस विसरते म्हणून मीजूनं तिला जेवण होईस्तोवर सोडलं नाही. चिकट भाताची टोपली फिरली, भाजलेल्या मिरचीची चटणी, वेताच्या कोंबाचं कालवण. मग भाताच्या दारूचा रांजण आला. त्यात वेळूच्या लांब नळ्या खोचलेल्या होत्या. खालचा पाहुणा आला की त्याला पेल्यात ओतून द्यायचं, एवढं गावाला ठाऊक होतं. मीजू पेला शोधायला उठली.

तोवर थोंगसायनं नळी धरली होती. डोंगरातले लोक ठेवतात तसा आधी रांजणाच्या कडेवर बोटानं पाण्याचा थेंब ठेवला, मग वाकला.

मीजू पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. आजीनं तिला डोळ्यानं खाली बसवलं. त्या रात्री तो शाळेच्या बाकावर, मास्तरांच्या चादरीत झोपला. सकाळी मास्तर सांगत होते, माणूस घोरतो, पण समाधानानं घोरतो.

उजाडल्यावर आजी त्याला वेशीपर्यंत पोचवायला निघाली. वेशीच्या खांबावर पेरणीआधीचा तारा, फांदी काढलेला, अजून टांगलेला होता, वाळून पिवळा झालेला. त्याच्याखाली ओंडक्यावर तो बसला आणि कागद काढला. सगळे रकाने भरलेले होते. शेवटचा सोडून.

आजीनं पिशवीतून दगड काढला आणि त्याच्या शेजारी ओंडक्यावर ठेवला. पान नव्हतं, वाटेत पदरात त्याचा भुगा झाला होता.

"वजन कमी आहे," ती ख्मूत म्हणाली. "कागद उडेल त्यापेक्षा बरं."

त्यानं तो कागदावर ठेवला. इस्त्रीची घडी आता गेली होती, बाहीला चटणीचा डाग होता.

"आजारी होतो असं लिहिलं तर?" तो लाओत म्हणाला.

"होतास?"

"नाही."

"वाट चुकली लिही."

"इथवर एकच वाट येते. साहेबाला माहीत आहे."

"मग?"

"गाव बंद होतं म्हणून फिरलो असं लिहिलं तर साहेब विचारणार, तुला कसं कळलं? आठ वर्षं शेजारी बसून जेवतो मी त्याच्या. डोंगरावरच्यांचे विनोद तो मलाच आधी सांगतो."

"आणि तू हसतोस."

त्यानं बाहीवरचा डाग नखानं खरवडला.

"आई कुठली तुझी?"

त्यानं हनुवटीनं पलीकडची रांग दाखवली. धुकं होतं, रांग दिसत नव्हती. तरी आजी त्या बाजूला नीट बघून घेतल्यासारखं करून मान हलवत राहिली.

"तिला भेटतोस?"

"नवीन वर्षाला जातो. कचेरीत सांगतो, मित्राकडे चाललो."

खाली शाळेत मास्तर पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते. बेचाळिसांपैकी चौदा आवाज. एक कुठलंतरी पोर सातापुढे लूमध्ये घसरलं, बाकीचे हसले, मास्तरही हसले आणि पुन्हा सातापासून सुरू झालं.

थोंगसाय ऐकत होता. मग त्यानं खिशातून दोन वस्तू काढल्या, एक पेन आणि एक पेन्सिल, आणि दोन्ही दगडाशेजारी ठेवल्या.

"आजी," तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा ख्मूत म्हणाला, आणि आवाज जरा लहान मुलासारखा आला, कारण ती भाषा तो लहानपणी जशी बोलला होता तशीच त्याच्याकडे राहिली होती. "पेनानं लिहू का पेन्सिलीनं?"

आजीला वाचता येत नव्हतं. पण शाळेच्या बाहेर बसून तिनं पोरांना रोज लिहिताना पाहिलं होतं.

"पेन्सिल खोडता येते ना?"

"येते."

"मग हे मला का विचारतोस?" ती त्याच्याशेजारी ओंडक्यावर बसली, पाय पसरले, घाई नव्हती तिला. "तुझं नाव आहे, तुझी सही आहे. तू सांग, कशानं लिहिणार?"