एकशे सतरा नंबरचा संगणक

माहेनूरने तक्रारींची यादी पुन्हा वरपासून खाली सरकवली. एका कंपनीचं कपाशीचं बियाणं उगवलं नाही, अशा तेवीस तक्रारी. गावं निरनिराळी, आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच आकडा: ११७.

"एकच माणूस लिहून राहिला," मागे उभे असलेले संस्थेचे अध्यक्ष केशवराव म्हणाले. "दुसऱ्या कंपनीचा असन कोनी. कृषी खात्याकडे हे पाठवलं अन् खोटं निघालं, तर संस्था बंद करा लागन."

अमरावतीतल्या या शेतकरी संस्थेचं संकेतस्थळ माहेनूरनेच बांधलं होतं, दोन हजार सात साली. 'तक्रार करा, नाव विचारणार नाही,' असं पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं. पण महिन्यापूर्वी केशवरावांच्या सांगण्यावरून तिने सर्व्हरवर चार ओळी वाढवल्या होत्या. पान पहिल्यांदा उघडणाऱ्या ब्राउझरला सर्व्हर एक आकडा देई. ब्राउझर तो 'कुकी' नावाच्या बारक्या फाइलीत जपून ठेवी आणि पुढच्या प्रत्येक खेपेला आपणहून सर्व्हरला सांगे. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसे.

तेवीसही गावं तिवशाच्या आसपासची होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती तिवशाला उतरली. इंटरनेटची दुकानं दोनच. पहिल्यात काही सापडलं नाही. दुसरं एसटी स्टँडजवळ, झेरॉक्सचं, एकच संगणक असलेलं. तिने अर्ध्या तासासाठी तो घेतला आणि ब्राउझरमध्ये साठलेल्या कुकीज उघडल्या. ११७.

"इथं रोज कोण बसतं?" तिने दुकानातल्या मुलीला विचारलं.

"मीच. वर्षाली. काहून?"

"बियाण्याच्या तक्रारी तुम्ही लिहिता?"

झेरॉक्सचं झाकण वर धरलेला वर्षालीचा हात तसाच राहिला.

"कोनं सांगतलं?"

"कोणी नाही."

बाहेरच्या बाकावर एक म्हातारा बियाण्याची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने आत डोकावून विचारलं, "माह्यं लिवतं काय वं, पोरी?"

"आज बंद हाय, देवमनबाबा."

तो उठून गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत वर्षालीने वाट पाहिली.

"बाजाराच्या दिवशी येतात सारे. त्यायले टाइप करता येत नाही. ते सांगतात, मले लिवून द्या लागते." मग ती थेट माहेनूरकडे बघत म्हणाली, "नाव विचारत नाही म्हून लिवेल हाय ना तिथं? मंग तुमी इथं कशा आल्या?"

माहेनूर सर्व्हरचं, कुकीचं सांगू लागली आणि मध्येच थांबली. तिने तिथल्या तिथे ती कुकी पुसली. "आता कोणालाच कळणार नाही," ती म्हणाली. वर्षाली तिच्या बोटांकडे बघत राहिली.

अमरावतीला परतल्यावर तिने केशवरावांना सगळं सांगितलं.

"मंग खऱ्याच हायेत म्हना," ते म्हणाले, आणि कृषी खात्याच्या पत्रावर त्यांनी सही केली. त्याच संध्याकाळी माहेनूरने सर्व्हरवरच्या त्या चार ओळी काढून टाकल्या.

तिवशाच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून यादी उघडून बसली. धामणगावकडच्या दोन तक्रारी आल्या, दर्यापूरची एक; तिवशाकडची एकही नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच.

तिसऱ्या आठवड्यात केशवरावांनी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"तिवशाकडचं बियानं सुधरलं वाटते," ते म्हणाले.

माहेनूरने पहिल्या पानावरची 'नाव विचारणार नाही' ही ओळ पुन्हा वाचली.