एकसष्ट कार्डं आणि एक पंजा

झेरॉक्सवाल्याच्या पोरीला सगळे गोगलगाय म्हणायचे. भिंतीला चिकटून चालायची आणि सहा वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. बापाच्या दुकानात मशीनचा हिरवा उजेड काचेखालून सरकला की ती त्याच्याबरोबर मान फिरवायची, तासन्‌तास. तेव्हा दुकान पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. गिऱ्हाईकंही हळू बोलायची.

शाळेत मात्र ती चावायची. एका आठवड्यात दोन पोरांना चावली. वर्गाच्या बाईंनी बापाला बोलावून सांगितलं, की आणखी एकदा असं झालं तर तिला वर्गात ठेवणं त्यांच्या हातात राहणार नाही. वर्ग तिला आवडायचा. सकाळी दप्तर दारापर्यंत तीच ओढत न्यायची.

स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी चित्रांची कार्डं सुचवली होती. जे हवं त्याचं चित्र पोरीने समोरच्याच्या हातात द्यायचं, की ती वस्तू तिला मिळायची. लॅमिनेशनचं मशीन घरचंच, मग काय. बाप हात धुऊन कार्डांच्या मागे लागला. केळं, झोका, साबणाचे फुगे, पंखा, आजीची मांडी. एकसष्ट कार्डं केली, टोचू नयेत म्हणून कोपरे गोल कापले. बायको म्हणाली, "आपल्या लग्नाच्या पत्रिकेला एवढा जीव लावला नव्हतास."

मॅडमनी गठ्ठा एकेक करून पाहिला. बाप शाबासकीची वाट बघत बसलेला.

"यात 'नको' कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"नको कशाला, मॅडम? हवं ते सगळं आहे की."

"आणि नको असलं, तर तिने काय करायचं?"

दोन्ही चावे बापाला आठवले. एकदा कुणी तिच्या हाताला डिंक फासला होता, एकदा कुणी मागून मिठी मारली होती. हौसेच्या भरात त्याने तिला मागायला शिकवलं होतं. नाही म्हणायला तिच्याकडे दातच तेवढे होते.

दुपारी त्याने शटर अर्धं ओढलं आणि तिचा तळवा मशीनच्या काचेवर ठेवला. हिरवा उजेड बोटांमधून सावकाश वाहत गेला. ती श्वास रोखून बघत राहिली. कागदावर पंजा उमटला, थांब म्हणणारा. तोच लॅमिनेट करून त्याने 'नको'चं कार्ड केलं.

संध्याकाळभर घरात तालीम चालली. तिने ते कार्ड हातात दिलं की समोरची वस्तू लगेच मागे घ्यायची, एवढंच. ओला टॉवेल नको. कंगवा नको. शेवटी तिने बापालाच नको दिलं, आणि तो मुकाट्याने दुसऱ्या खोलीत जाऊन बसला, खुशीत.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंनी त्याला दाराबाहेर उभं राहू दिलं. दाराच्या काचेपलीकडे सगळं आवाजाशिवाय तरंगत होतं. दोन वेण्यांची एक पोर डिंकाचा ब्रश घेऊन गोगलगायीकडे वळली. गोगलगायीचं तोंड उघडलं. बापाला दात दिसले. त्याने कडी धरली.

तेवढ्यात तिने कार्ड पुढे केलं.

वेण्यावाल्या पोरीने ते उलटसुलट पाहिलं. ब्रश बाजूला ठेवला. मग चित्रातल्या पंज्यावर आपला पंजा लावून बघितला, आणि तोच गोगलगायीपुढे धरला, मापायला.

बापाने कडी सोडली.