पेरूखालचा डबा

सुई हलली तेव्हा मला वाटलं, मीटरच बिघडलं. आमच्या संस्थेच्या मागच्या बागेत नव्या इमारतीचा पाया खणायचं चाललं होतं. किरणोत्सर्ग-सुरक्षा अधिकारी म्हणून मी किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन एक चक्कर मारायची, एवढाच उपचार. बॅटरी बदलून पाहिली, तरी पेरूच्या झाडाखाली सुई पुन्हा हललीच. काम थांबवलं, मजुरांना लांब पाठवलं. नशिबाने जेसीबी अजून तिथवर पोचला नव्हता.

खाली काय असणार हे मला लगेच कळलं. पिकांवरच्या प्रयोगांसाठी आमच्याकडे किरणोत्सारी सीझियम होतं, शिशाच्या जाड डब्यात. काम संपलं की असला कचरा कुठेही टाकता येत नाही, तो रीतसर मुंबईला अणुऊर्जा खात्याकडे परत पाठवायचा असतो. पंधरा वर्षांपूर्वी तो पाठवला होता. निदान कागद तसं म्हणत होता, आणि त्यावर सही माझी होती.

संध्याकाळी इंदिरा नगरला नरहर सरांकडे गेले. ते माझे गाइड. लखनौत मी एकटी आले, तेव्हा त्यांच्याच घरी दोन वर्षं जेवले. वडिलांच्या जागी मानलं त्यांना.

"सर, तो डबा गेलाच नाही ना?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "परमिशनला दोन वर्षं लागली असती, चारू. माझी रिटायरमेंट तोंडावर. खोल पुरला, वर काँक्रीट ओतलं, एकदम पक्का. आजवर कुणाला काही झालं का?"

"उद्या जेसीबीने फुटला असता तो!"

"ओरडू नकोस यार. आत काकू झोपलीये."

"मग तुम्हीच पुरलात, असं लिहून द्या."

"मी कसं देणार? डबा तुझ्या डोळ्यांदेखत गाडीत चढवला, असं तू लिहिलंयस. माझी सही कुठेच नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या कागदाच्या महिनाभर आधी सरांनी मला अधिकारी केलं होतं. मी मूर्खासारखे पेढे वाटले होते! सर म्हणाले, डबा सकाळीच गेला, सही कर, आणि मी केली. आता संताप आला, आणि त्याहून जास्त माझी मलाच लाज वाटली.

"सहा जण होते आपल्याकडे. अधिकारी मलाच का केलंत?"

 सर लेकीला समजावतात तशा सुरात म्हणाले, "बाकी कुणीही आधी डबा दाखवा म्हटलं असतं. तू म्हणणार नव्हतीस, अगं."

मी त्यांच्यासमोरच डायरेक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं, आधी स्वतःचं नाव आणि मग त्यांचं.