कॉलिनच्या वाट्याचा मास्क

मी एक कापडी मास्क बोलतोय. असे मागे सरकू नका, तुमच्या तोंडावर बसायला आलेलो नाही. ते दिवस सरले. आता जरा निवांत आहे म्हणून चार गोष्टी सांगतो. माझी सांगायची रीत सावकाशीची आहे, तेवढं सांभाळून घ्या.

जन्माने मी मास्क नव्हे, पायजमा. त्यातही डावा पाय, गुडघ्याच्या वरचा भाग. पांढऱ्या कापडावर निळे पट्टे. भाऊराव धुरी विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी सेलमधून ह्या कापडाचा अख्खा तागा उचलला आणि शिंप्याला म्हणाले, "सगळ्याचे पायजमे शिव. परत ह्या भानगडीत पडायला नको." तेव्हापासून ते घरात कधीही बघा, निळ्या पट्ट्यांतच. नवख्याला वाटायचं, हा माणूस पायजमा बदलत नाही की काय.

घर मरोळला. विमानतळ जवळ, म्हणून भाऊरावांच्या बायकोने, रत्नप्रभाकाकींनी, दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. त्यावर घर चालायचं. पेन्शनीवर भागलं नसतं. हे पाहुणे बंद झाले तर मरोळ सोडून विरारच्याही पलीकडे कुठेतरी राहायला जावं लागलं असतं, आणि काकींचा जीव तर ह्या घराच्या ओट्यात अडकलेला.

मी सांगतोय ती साथीची तिसरी लाट. घरात तेव्हा तीन पाहुणे होते. मोरिता साहेब जपानचे, मरोळच्याच एका कंपनीत नोकरीला. वर्षानुवर्षं इथेच राहिलेले, जवळजवळ घरचेच. बिर्गिट नावाची जर्मन बाई आणि कॉलिन नावाचा इंग्रज, हे दोघे मात्र फिरायला म्हणून आले आणि विमानं रद्द होत गेल्याने अडकून पडले.

संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करायचं तर वाण काय द्यायचं? काकी म्हणाल्या, "ह्या वर्षी मास्क. उपयोगाचं तरी होईल." दुकानं फिरायची भीती. कापड कुठलं आणणार? त्यांची नजर दोरीकडे गेली. दोरीवर आम्ही वाळत होतो.

भाऊरावांनी आधीच बजावलं होतं, "माझ्या पायजम्यांना कात्री लागता कामा नये." म्हणून ते लसीच्या तिसऱ्या डोसच्या रांगेत जाईपर्यंत काकी थांबल्या. मग काय सांगू! दोन पायजमे ठेवले आणि बाकी सगळ्यांचा निकाल लावला. उकळत्या पाण्यात धुतलं, इस्त्री फिरवली, दुपदरी शिवून कानाला इलॅस्टिक लावलं. काल माझ्यात गुडघा होता, आज नाक येणार होतं. माणसालासुद्धा एवढी बढती मिळत नाही.

भाऊराव दंड चोळत परत आले. दोरी रिकामी.

"अगं, पायजमे कुठायत?"

"दोरीवरच होते की! चोर आला असेल."

"पायजम्याचा चोर?"

"हल्ली काय सांगावं, अहो."

भाऊराव भोळे. त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांना गाठून रीतसर तक्रार केली.

हळदीकुंकू दारातच झालं. एकेक बाई जिन्यावर यायची, हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण घेऊन जायची. वाण बायकांचं, पण दुसऱ्या दिवशी बघावं तर आमची भावंडं त्यांच्या नवऱ्यांच्या तोंडांवर. घरच्या पाहुण्यांनाही काकींनी एकेक दिला. मोरिता साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला, वाकले आणि लगेच लावला. बिर्गिटने आपला पांढरा, चोचीचा मास्क काढला नाही, त्याच्यावरूनच आमच्यातला एक चढवला. आणि मी गेलो कॉलिनला. त्याने हसत "थँक्यू" म्हटलं आणि मला दाराजवळच्या खिळ्यावर, छत्रीच्या शेजारी अडकवलं.

तिथेच राहिलो. मास्क म्हणून जन्माला यायचं आणि छत्रीच्या दांड्याकडे बघत बसायचं! पण खिळा मोक्याचा होता. दार दिसायचं, जेवणाचं टेबल दिसायचं.

सकाळी काकी घावणे टाकायच्या आणि टेबलावर वाद पेटायचा. मला इंग्रजी येत नाही. पायजम्याला कोण इंग्रजी शिकवणार? पण भाऊरावांनाही येत नव्हतं, आणि त्यांची मुलगी जान्हवी त्यांना सगळं मराठीत सांगायची. त्यात माझंही भागायचं.

"बाबा, बिर्गिट म्हणते, कापडी मास्क त्यांच्याकडे मास्कात धरतच नाहीत. चोचवालाच पाहिजे. साधा घातला तर गाडीतून उतरवतात."

"बरं."

"कॉलिन म्हणतो, त्यांच्याकडे आता मास्क उठला. कालच बातमी आली. मग मी कशाला घालू?"

"पण तो इकडे आहे ना?"

जान्हवीने ते कॉलिनला सांगितलं. कॉलिन तोंडातला घावणा संपवून बराच वेळ बोलला. जान्हवी म्हणाली, "तो म्हणतो, इकडे तरी कुठे कोण नीट घालतंय? फोन आला की खाली ओढतात. शिंक आली की खाली ओढतात. दंड करणारा पालिकेचा मार्शल दिसला की वर. मग तो नियम मास्कचा की मार्शलचा?"

भाऊराव विचारात पडले. "ह्यात त्याचं अगदीच चूक नाही गं."

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"मोरिता साहेब काय म्हणतात?"

मोरिता साहेब चटणी वाढून घेत होते. त्यांच्या देशात म्हणे मास्कचा कायदाच नाही. "मग सगळे का घालतात?" असं कॉलिनने टेबलावर हात आपटून विचारलं. मोरिता साहेबांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "सगळे घालतात म्हणून."

मला एक मौज वाटायची. मास्कवर ही एवढी भांडणं, पण त्या वेळी एकाच्याही तोंडावर मास्क नसायचा. घावणे खाताना कसा असेल?

घोळ झाला तो लिफ्टमध्ये. कॉलिन उघड्या तोंडाने आत शिरला. आत चंद्रप्रकाश. ते म्हणाले, "मास्क!" कॉलिनने इंग्लंडची बातमी सांगितली. चंद्रप्रकाशांनी सोसायटीची पाटी दाखवली. तळमजल्यापासून वरपर्यंत दोघे एकमेकांच्या अंगावर ओरडत गेले. संध्याकाळी चंद्रप्रकाश दारात हजर.

भाऊराव खुर्चीत बसले होते, उरलेल्या दोनांतला एक पायजमा घालून. आणि चंद्रप्रकाशांच्या तोंडावर होता आमचाच भाऊ, उजव्या पायाचा. वर निळे पट्टे, खाली निळे पट्टे. पण आपल्या तोंडावर काय आहे ते माणसाला कुठे दिसतं?

"भाऊकाका, रविवारी सभा लावलीय. ठराव येणार. परदेशी पाहुणे बंद. माझा इलाज नाही. लोक भडकलेत."

 भाऊराव चंद्रप्रकाशांच्या नाकाकडे टक लावून बघत होते. मास्कवर, नाकाच्या डाव्या बाजूला, शाईचा फिकट डाग होता. तो डाग ते ओळखत होते.

"काका, ऐकताय ना? आणि हो, तुमच्या पायजम्यांचा तपास चालूय. मी स्वतः कॅमेरे बघतोय. चोर सुटणार नाही." बोलता बोलता त्यांनी मास्क नीट नाकावर चढवला.

भाऊरावांनी हळूच वर्तमानपत्र मांडीवर पसरलं.

दार लागल्यावर त्यांनी हाक मारली. "काय गो, चंद्रप्रकाशच्या तोंडावर माझा पायजमा कसा?"

काकींनी आधी पदर तोंडात धरला, मग हसू आवरेना, मग एकदम रडूच आलं. "अहो, रविवारपर्यंत बोलू नका हो कुठे. वाणाला नवऱ्याचा जुना पायजमा दिला, हे कळलं तर एक बाई आपल्या बाजूने हात वर करणार नाही. घर जाईल आपलं."

भाऊरावांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घातली. "मी आपणहून नाही सांगणार."

"आणि विचारलं तर?"

"पायजम्याबद्दल कोण विचारतंय?"

रविवारी सभेला निघताना भाऊरावांनी पँट घातली. दाराशी थांबून मला खिळ्यावरून काढलं, अंगठ्याने सुरकुती सारखी केली आणि कॉलिनपुढे धरलं. जान्हवीला म्हणाले, "त्याला सांग, नियम बरोबर की चूक ते मला कळत नाही. तुझं म्हणणं मला पुष्कळ पटतं. पण आज हे घर जायची वेळ आलीय. तुझी काकी रात्री झोपली नाही."

कॉलिनने ऐकलं. त्याचं लालबुंद तोंड आणखी लाल झालं. त्याने मला लावलं.

दाढी टोचत होती. घावण्याचा वास होता. मला एकदाचं तोंड मिळालं.

सभा खाली आवारात. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. चंद्रप्रकाश उभे राहिले. "आधीच सांगतो, ज्याच्या तोंडावर मास्क नाही, त्याचा हात मोजला जाणार नाही. आपणच नियम पाळले नाहीत, तर ह्या लोकांना काय सांगणार?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी बघितलं तर खुर्च्याखुर्च्यांवर आमची भावंडं. इतक्या दिवसांनी आमचा पायजमा एके ठिकाणी जमला होता.

चंद्रप्रकाशांनी ठराव वाचला. परदेशी लोक इथल्या नियमांची थट्टा करतात, सबब पाहुणे ठेवणं बंद. तेवढ्यात बिर्गिट उभी राहिली. जान्हवीने सांगितलं, "ती विचारतेय, मी दोन दोन मास्क घालते, मी थट्टा कधी केली? उलट हा वरचा कापडी मास्क कशाचा आहे, कोणी तपासलाय का?"

चंद्रप्रकाश चिडले. "घ्या! आमच्या वाणाला नावं ठेवतायत. नवं कोरं कापड आहे हे, बाई! भाऊकाका, सांगा हिला, कापड कुठलं."

भाऊराव वाकून चपलेचा पट्टा सारखा करू लागले.

"सांगा ना काका. दादरहून आणलं ना?"

काकींनी डोळे मिटले.

"काका, लाजताय काय? सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा!"

भाऊराव खुर्चीचा हात धरून उठले. "चंद्रप्रकाश, ती चोरीची तक्रार मी मागे घेतो."

"कसली?"

"पायजम्यांची. चोर कोणी नाही. पायजमे इथेच आहेत." आणि त्यांनी हळूच सगळ्या तोंडांवरून बोट फिरवलं.

आधी कोणाला काही समजलं नाही. मग चंद्रप्रकाशांची बायको सुलक्षणा किंचाळली, "अगं बाई!" आणि फटाफट, फटाफट, शेजाऱ्यांचे सगळे मास्क उतरले. कोणी ओठ पुसतंय, कोणी थुंकतंय, कोणी आमच्या भावंडांना उंदराच्या शेपटीला धरावं तसं चिमटीत धरून लांब नेतंय.

"उकळून धुतलेत गो!" काकी कळवळून म्हणाल्या. "इस्त्री केलीय."

"काकी, पण पायजमा?"

जान्हवीने पाहुण्यांना सगळं सांगितलं. बिर्गिट म्हणाली, सुती कापड जितकं धुवावं तितकी वीण घट्ट होते, तेव्हा उत्तमच आहे. तिने मास्क काढला नाही. मोरिता साहेब भाऊरावांकडे वळून वाकले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे. रोज सकाळी समोरच पायजमा बसायचा ना! विचारणं बरं दिसलं नसतं, एवढंच. आणि कॉलिन हसायला लागला. तो असा हसला की मी फुगतोय, आत ओढला जातोय, परत फुगतोय. पण त्यानेही मला काढलं नाही.

चंद्रप्रकाश ओरडले, "हसण्यावारी नेऊ नका! ठरावाच्या बाजूने हात वर!"

धडाधड हात वर झाले.

भाऊराव अजून उभेच होते. त्यांनी सावकाश सगळीकडे बघितलं. "चंद्रप्रकाश, मास्क नाही त्याचा हात मोजायचा नाही, असं तूच म्हणालास ना रे?"

चंद्रप्रकाशांचा हात हनुवटीवर गेला. हनुवटी मोकळी. "घाला! सगळ्यांनी परत मास्क घाला!" असं म्हणून त्यांनी स्वतःचा मास्क उचलला, ओठांपर्यंत नेला. समोर भाऊराव. त्यांची नजर भाऊरावांच्या कमरेखाली गेली, आज पँट असली तरी पायजमाच आठवला, आणि हात तिथेच थांबला.

पहिली हसली ती सुलक्षणाच. "अहो, घाला ना! काल तर म्हणत होता, काय मऊ कापड आहे!"

मग सगळं आवार हसलं. ठरावाच्या बाजूने एकही हात मोजता आला नाही. विरुद्ध दोन. भाऊरावांचा आणि काकींचा; त्या दोघांनी मास्क काढलेच नव्हते. पाहुणे राहिले, घर राहिलं.

पुढे इथलाही नियम उठला. कॉलिनचं विमान एकदाचं सुटलं. जाताना त्याने मला धुऊन परत खिळ्यावर अडकवलं. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, सांगता येत नाही. आता नवे पाहुणे येतात, मला हातात घेतात आणि माझ्यानेच चष्मा पुसतात.

परवा चंद्रप्रकाशांच्या लेकीला, गंधालीला, मुलगी झाली म्हणून भाऊराव बघायला निघाले. त्यांना सर्दी झाली होती. दारात थांबले. जान्हवी म्हणाली, "बाबा, आता नियम नाहीये." ते "हो गं" म्हणाले आणि मला कानाला लावून गेले.

त्या चिमुरडीने डोळे उघडले, हात वर केला आणि मला मुठीत असं पकडलं की सोडेचना. चंद्रप्रकाश एकेक बोट सोडवू लागले, तर माझं इलॅस्टिकच तुटलं. विरलं होतं ते, तिचा दोष नाही.

तर आता कानाला लावायच्या कामाचा मी उरलो नाही. ओटा पुसायला घ्या, बरणीच्या झाकणाखाली घाला, काहीही करा. फक्त रस्त्यावर टाकू नका. आणि टाकायचंच झालं तर ही इलॅस्टिकची दोरी आधी कापा, चिमणीकावळ्याच्या पायात अडकते. येतो मी.